नाव कोणाचे, मक्ता कोणाचा

१९९१ साली रवींद्रनाथ ठाकुरांना जाऊन पन्नास वर्षे झाली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या साहित्यावरचा स्वामित्वहक्क संपायचा होता. कोणाही प्रकाशकाला ‘गीतांजली’ छापता आली असती, कोणाही गायकाला विश्वभारतीची परवानगी न मागता रवींद्रसंगीताची ध्वनिमुद्रिका काढता आली असती. तसे होऊ द्यायचे नव्हते म्हणून सरकारने कायद्यातली मुदतच वाढवली. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे टिकणारा हक्क साठ वर्षांचा झाला. एका कवीसाठी केलेला बदल अर्थातच सगळ्यांना लागू झाला. साने गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ २००१च्या १ जानेवारीला मोकळी व्हायची, ती २०११ला झाली. गांधीजींचे लेखन १९९९ऐवजी २००९ला मोकळे झाले. ‘हिंद स्वराज’च्या १९१०च्या इंग्रजी आवृत्तीवर ‘कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत’ अशा अर्थाची ओळ छापणाऱ्या माणसाच्या पदरात कायद्याने ही जादा दहा वर्षे घातली, हा त्यातला विनोद.

या दहा वर्षांत रवींद्रनाथ आणखी एक कविता लिहिणार नव्हते. मोबदल्याची खात्री असली की माणूस लिहितो, शोधतो, रचतो, असे स्वामित्वहक्काचे समर्थक सांगतात. जिवंत माणसाबद्दल ते बऱ्याच अंशी खरे आहे. मृत्यूनंतरच्या एकावन्नाव्या वर्षाबद्दल ते कसे खरे ठरेल, हे मला आजवर कोणी पटेल असे सांगितलेले नाही. वारसांची सोय, संस्थेचे उत्पन्न, संहितेची शुद्धता अशी कारणे देता येतात आणि त्यांतली काही वजनदार आहेत. मग ती उघडपणे सांगावीत. निर्मितीला उत्तेजन हे नाव त्यांना कशाला द्यायचे?

स्वामित्वहक्क आणि पेटंट यांनी कर्त्याचे भले होते की नुकसान, समाजाला त्यांचा उपयोग होतो की अडचण, याबद्दल आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. लेखक-प्रकाशकांच्या बैठकीत बसले तर पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारे चोर आहेत आणि कायदा आणखी कडक हवा. विद्यार्थ्यांत किंवा आरोग्याच्या चळवळीत बसले तर ज्ञानावर मालकी कसली, सगळे खुले करा. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक असतात. पुढच्या पानांत जी प्रकरणे येतील ती वाचून दोन्ही बाजूंची थोडी पंचाईत होईल, अशी माझी अपेक्षा आहे. वाचकाला फसवायला नको म्हणून माझे मत आधीच सांगून ठेवतो. हक्क असावा की नसावा, यापेक्षा तो शेवटी कोणाच्या हाती जातो आणि किती काळ तिथे राहतो, हा प्रश्न मला मोठा वाटतो. त्यात कर्त्याचे नाव आणि मालाचा मक्ता या दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. नाव सांभाळण्याच्या कारणाने मक्ता मागितला जातो, आणि मक्ता मिळाला की नावाकडे कोणी फारसे पाहत नाही.

नावाची चाड आपल्याकडे जुनी आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा घातली. तुकोबांच्या अभंगांतली त्यांची मुद्रा काढून तिथे स्वतःची घालणारा सालोमालो वारकऱ्यांच्या कथांत आजही निंदेचा धनी आहे. त्याने अभंग म्हटले याबद्दल कोणाची तक्रार नाही. नाव बदलले, ही तक्रार आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात पदरची ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. नक्कल करून घ्यायला मात्र बंदी नव्हती. नकला झाल्या म्हणूनच तर ग्रंथ टिकला. आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकल्यावरही ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा आणि कृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार ते लेखकाकडे ठेवते. एकनाथांना हे कलम ओळखीचे वाटले असते. प्रत काढण्याचा अधिकार फक्त मालकाला देणारे कलम १४ वाचून मात्र ते चकित झाले असते.

अर्थात संतांचा दाखला देऊन मोकळे होणे सोपे आहे. आजच्या लेखकाला घरभाडे भरायचे असते. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन, असा सरळ हिशेब मांडला तर सगळ्या प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात. आवृत्ती संपायला कधी कधी चार-पाच वर्षे लागतात, आणि हिशेबाचा कागद मागायला लेखकालाच संकोच वाटतो. अशा माणसाच्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती फूटपाथवर निम्म्या किमतीत विकली गेली, तर ज्ञान मुक्त झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हक्क मुळातच रद्द करा म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही, ते यामुळे.

या कायद्यांचा इतिहास इथे दोन-चार वाक्यांत आटोपतो. इंग्लंडमध्ये १७१०चा कायदा झाला, त्याने लेखकाला चौदा वर्षे दिली आणि तो हयात असेल तर आणखी चौदा. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी तरीही आपला मक्ता कायमचा आहे असा हेका धरला, आणि एडिंबराच्या डोनाल्डसन या विक्रेत्याने तो १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडून मोडला. त्या भांडणात लेखकाचे नाव सगळे घेत होते, लढत होते दुकानदार. पेटंटचा कायदा व्हेनिसने १४७४ साली केला, इंग्लंडने १६२४ साली. आपल्याकडे स्वामित्वहक्क १८४७ साली कंपनी सरकारने आणला आणि पेटंट १८५६ साली. कलकत्त्यातून आलेला पहिला अर्ज पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. साहेबाला वारा घालणारा माणूस वाचवण्याची युक्ती. इतर देशांना आज पेटंटचे धडे देणारी राष्ट्रे स्वतः शिकत होती तेव्हा काय करत होती, हेही पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्सने १८६९ साली पेटंटचा कायदाच रद्द केला आणि १९१२पर्यंत त्याच्याविना कारभार चालवला. औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायला जर्मनीने १९६८पर्यंत, स्वित्झर्लंडने १९७७पर्यंत आणि इटलीने १९७८पर्यंत वाट पाहिली. आपले कारखाने नकलेवर उभे राहिले, आणि मग नकलेला चोरी म्हणायची वेळ आली.

आता चंद्रपूर जिल्ह्यात येऊ. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ या वाणाचे धान उभे होते. त्यात तीन लोंब्या त्यांना रंगाने, दाण्याने निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी वर्षे गेली. दाणा बारीक, शिजला की मोकळा आणि चवीला चांगला, उताराही बरा. शेजाऱ्यांनी बियाणे नेले, मग मोठ्या शेतकऱ्याने नेले, मग ते बाजारात पोचले. तिथे व्यापाऱ्याला नाव हवे होते. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची ऐट होती, म्हणून धानाचे नाव एचएमटी पडले. विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रपर्यंत ते पसरले.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने दादाजींकडून थोडे बियाणे नेले. १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण जाहीर झाले. विद्यापीठाची बाजू अशी की शुद्धीकरण आणि चाचण्यांचे काम त्यांचे आहे, आणि ते काम खोटे नाही. पण वाणाच्या नावात विद्यापीठ होते, घड्याळ होते. ज्याच्या डोळ्यांना त्या तीन लोंब्या दिसल्या तो नव्हता. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने दादाजींची दखल घेतली, २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला, २०१० साली ‘फोर्ब्स’च्या यादीत नाव आले. पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, आणि ते हलाखीतच गेले.

या प्रकरणाकडे बोट दाखवून पेटंटवाले म्हणतात, बघा, हक्क नसला की असे होते. दादाजींना १९८३ साली पेटंट मिळाले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. मनाई करण्याचा अधिकार बजावायला वकील लागतो, नागपूर-मुंबईचे हेलपाटे लागतात, कोण कुठे पेरतो आहे याची टेहळणी लागते. दीड एकराच्या माणसाने तो कागद बहुधा पहिल्याच वर्षी एखाद्या बियाणे कंपनीला विकला असता. मग तेच बियाणे शेजाऱ्याला दरसाल विकत घ्यावे लागले असते. आणि ‘पटेल ३’ हे जबलपूरच्या सरकारी कृषी विद्यापीठाचे वाण कोणाच्या मक्त्यात असते, तर दादाजींच्या शेतात त्या लोंब्या आल्याच नसत्या. त्यांना शेजाऱ्याला अडवायचे नव्हते. त्यांना नाव हवे होते आणि विक्रीतला वाटा हवा होता. या दोन गोष्टी देण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. २००१ साली वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला, त्यात शेतकऱ्याला आपले वाण नोंदवता येते आणि नोंदलेल्या वाणाचे बियाणेही तो राखू, पेरू, देवाणघेवाण करू आणि विकू शकतो. फक्त कंपनीच्या छापाच्या पिशवीत नाही. जगातल्या अशा कायद्यांत हा मला बराच शहाणा वाटतो. दादाजींनी नंतर आणखी वाणे निवडली. त्यांतल्या एकाचे नाव डीआरके आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. अभंगातल्यासारखी मुद्रा अखेर त्यांनी स्वतःच घालून घेतली.

पेटंट हाती असूनही उपयोग न झालेला माणूसही आपल्यातलाच आहे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईचा, १८६७चा. छपाईचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ हे त्यांचे यंत्र. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा आधार होता, पेटंटेही मिळाली. यंत्र बाजारात उतरवायला लागणारे भांडवल मात्र जमले नाही. पुढे ते अमेरिकेत गेले, १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. पेटंट तुम्हाला दुसऱ्याला अडवू देते. कारखाना घालून देत नाही. मराठी वाचकाला भिसे हे नाव आज सांगावे लागते, यावरून काय ते समजावे.

हिंदी चित्रपटगीतांची कथा तर कराराच्या कागदावर घडली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चित्रपटाच्या निर्मात्याने पैसे देऊन गीत आणि संगीत करून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क निर्मात्याचा. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल चूक म्हणता येणार नाही. पण परिणाम असा की ज्या गाण्यांवर आकाशवाणी, बँडवाले, लग्नाचे हॉल आणि पुढे मोबाइल कंपन्या चालल्या, त्यांच्या गीतकाराला एकदा मिळालेल्या रकमेपलीकडे काही नाही. त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, लता मंगेशकरांनी गायकांनाही तबकडीच्या विक्रीत वाटा हवा असा आग्रह धरला. महंमद रफींचे म्हणणे होते की गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींच्या दिलदारीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मत विचाराल तर हिशेब लताबाईंचा बरोबर होता.

२०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे जावेद अख्तर राज्यसभेत उभे राहिले. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले की गीतकार आणि संगीतकार यांना समान वाटा आहे, आणि तो वाटा सोडून दिला असे त्यांनी लिहून दिले तरी ते लिखाण कवडीमोलाचे. वारसाला किंवा हक्कसंस्थेलाच तो देता येतो. या दुरुस्तीचे मर्म या शेवटच्या तरतुदीत आहे. नवा गीतकार समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर सही करतो. त्याला फक्त हक्क देऊन भागत नाही, कारण तो हक्क त्याच संध्याकाळी निर्मात्याच्या कपाटात गेलेला असतो. विकता न येणारा वाटाच त्याच्याजवळ टिकतो.

मराठी लेखकांसाठी इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. आपल्याकडची कितीतरी पुस्तके शब्दावर निघाली, त्यांचे हक्क बहुधा लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडेच आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कलम १९ वाचून सही करणारे लेखक फार भेटत नाहीत.

औषधांकडे वळले की प्रश्नाचा पोतच बदलतो. कादंबरी महाग असली तर माणूस वाचनालयात जातो. गोळी महाग असली तर जायला जागा नसते. स्वातंत्र्यानंतर आपण १९११चाच पेटंट कायदा वापरत होतो. पेटंटे बहुतेक परदेशी कंपन्यांची होती आणि औषधांच्या किमती परवडत नव्हत्या. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला. त्यातून निघालेला १९७०चा कायदा २० एप्रिल १९७२ला लागू झाला. अन्न आणि औषध यांच्या बाबतीत खुद्द पदार्थावर पेटंट नाही. तो बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवायला मोकळीक मिळाली आणि मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद इथले औषध कारखाने उभे राहिले. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत त्या औषधाने किती माणसे जगली हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

जागतिक व्यापार कराराने ती मोकळीक काढून घेतली. १ जानेवारी २००५पासून औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागले. संसदेने मात्र जाता जाता कलम ३(ड) घातले: जुन्याच पदार्थाचे नवे रूप आणले तर त्याने रोगावर गुण जास्त येतो हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरचे ग्लिव्हेक या कलमात अडकले. नोव्हार्टिस कंपनीचा दर महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, भारतीय कंपन्यांचा आठ-दहा हजार. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. कंपनी भारतात अनेक रुग्णांना हे औषध फुकट देत होती, हेही नोंदवले पाहिजे. पण फुकट कोणाला द्यायचे हे तीच ठरवणार. रुग्णाला दुकानात जाऊन दुसरे औषध घेण्याची सोय त्यात नाही.

त्याच्या वर्षभर आधी, ९ मार्च २०१२ला, मुंबईच्या पेटंट कार्यालयात आणखी मोठी गोष्ट झाली होती. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे नेक्साव्हार हे औषध बायर कंपनी महिन्याला २ लाख ८० हजार ४२८ रुपयांना विकत होती. त्या औषधाचे पेटंट वैध होते, त्याबद्दल वाद नव्हता. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला: महिन्याचे औषध ८,८८० रुपयांत विका आणि बायरला विक्रीवर सहा टक्के द्या. पुढे ते सात टक्के झाले. बायर मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि दोन्हीकडे हरली. मला या निकालात जे आवडते ते असे की त्याने कर्त्याचा वाटा कापला नाही, फक्त मक्ता मोडला. वाटा आणि मनाई वेगळी करता येतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. दुर्दैवाने भारताने दिलेला असा तो एकच परवाना.

दुसरी बाजूही आहे, आणि आपण ती टाळतो. १९७०च्या कायद्याने आपल्याला उत्तम नक्कलकार बनवले, पण आपल्या कारखान्यांतून नवा रेणू क्वचितच बाहेर पडला. नव्या औषधाच्या चाचण्यांना प्रचंड पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावा लागतो. पेटंट हा तो उभा करण्याचा एक मार्ग आहे, फक्त त्याला गिऱ्हाइकाचा खिसा पाहून चालण्याची सवय आहे. क्षयावर नव्या जातीचे औषध यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, कारण क्षयाचा रोगी श्रीमंत नसतो. शेवटी २०१२ साली बेडाक्विलिन आले. त्याचे पेटंट एका क्षाराच्या आधारे पुढे लांबवण्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने २३ मार्च २०२३ला फेटाळला. विरोध नोंदवणाऱ्यांत क्षयातून उठलेल्या दोन तरुणी होत्या, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. पेटंटच्या कज्ज्यात रुग्णाने स्वतः उभे राहावे, ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती.

हळदीबद्दल थोडे बोलायला हवे, नाहीतर वाचक रागावतील. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला पेटंट मिळाले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने सीएसआयआरने ते १९९७ साली रद्द करून घेतले. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३चा एक वैद्यकीय लेख, असे पुरावे दिले गेले. माशेलकरांचे ते काम मोलाचे आहे, त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडार उभे राहिले. पण ‘अमेरिका आपली हळद पळवत होती’ हे जे भाषणांतून सांगितले जाते ते अतिरंजित आहे. अमेरिकेतले पेटंट अमेरिकेत चालते. सांगलीच्या कुठल्या आजीच्या हळदीवर त्याने टाच आली नसती. आपली खरी तक्रार नावाची होती, सालोमालोचीच. आणि हळदीवर एवढे तावातावाने बोलणारे आपण एचएमटी धानाच्या वेळी कुठे होतो, असा प्रश्न चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून कोणी विचारला तर उत्तर देणे जड जाईल.

पुस्तकांच्या बाबतीतला आपल्याकडचा महत्त्वाचा खटला झेरॉक्सच्या दुकानावर झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या प्रकरणांचे गठ्ठे करून विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. अध्यापनासाठी प्रत काढायला कायद्यात मुभा आहे, ती फळ्यावर लिहून घेण्यापुरती नाही. खंडपीठाने डिसेंबरात हाच अर्थ मान्य केला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. ज्यांची पाने झेरॉक्स होत होती त्यांतल्या काही लेखकांनीच दावा मागे घ्या असे पत्र लिहिले होते, अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना लिहिले. लेखकाच्या हितासाठी म्हणून लावलेल्या दाव्यात लेखक समोरच्या बाजूला बसलेले दिसले.

यापुढचा झगडा यंत्रांशी आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला: आमच्या बातम्या न विचारता यंत्राला शिकवायला वापरल्या. इथेही नाव आणि मक्ता वेगळे करून पाहिले तर बरे. भाषा शिकवायला मराठी मजकूर मिळालाच नाही तर यंत्र मराठी धड बोलणार नाही. मिळाला, पण लिहिणाऱ्याचे नाव आणि वाटा दोन्ही बुडाले, तर दादाजींचाच किस्सा मोठ्या प्रमाणावर घडेल. निकाल काहीही लागो, हक्क मोठ्या वृत्तसंस्थांनी विकला आणि लेखकाला कळलेही नाही, असे होण्याची भीती मला जास्त वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर चोरीपेक्षा मोठे संकट गप्प पडून राहण्याचे आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शेकडो पुस्तके दुकानात नाहीत. प्रकाशनसंस्था बंद झाल्या, वारस परगावी, परदेशी, कित्येकांना आपल्याकडे हक्क आहे हे ठाऊक नाही. छापायला कोणी धजत नाही, कारण उद्या कोणी उभा राहिला तर? ‘श्यामची आई’ मोकळी झाल्यावर तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, काही मुद्रणदोषांनी भरलेल्या आहेत हे खरे, पण ती कुठल्याही गावच्या जत्रेत मिळते. तिच्याच काळातल्या आणि पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी चांगल्या कादंबऱ्या मात्र कोणाच्याच नाहीत आणि म्हणून कोणालाच मिळत नाहीत. कायद्यात कलम ३१क आहे. मालक सापडत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन परवाना मागता येतो. कलम ३२ आहे. मूळ पुस्तक निघून सात वर्षे झाली आणि भाषांतर झालेले नसेल, तर भाषांतराचा परवाना मागता येतो. दोन्ही कलमे मराठी प्रकाशनव्यवहारात जवळजवळ अस्पर्शित आहेत. हजार प्रतींच्या आवृत्तीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

१ जानेवारी २०२७ला सावरकरांचे साहित्य मोकळे होईल. त्यानंतर तीन वर्षांनी, १ जानेवारी २०३०ला, १९६९च्या जून-जुलैत महिन्याच्या अंतराने गेलेले आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही मोकळे होतील. प्रसिद्ध पुस्तकांची काळजी नाही, ती लगेच छापली जातील. अण्णाभाऊंच्या फुटकळ कथा आणि वगनाट्ये, अत्र्यांचे वृत्तपत्रांत विखुरलेले लेखन यांच्या मूळ प्रती कोणत्या वाचनालयाच्या कुठल्या कपाटात आहेत, याची यादी करायला आजही मनाई नाही. तालुक्याच्या वाचनालयांतली जुनी पुस्तके दरसाल रद्दीत निघतात, तेव्हा हे काम त्या तारखेच्या आधी व्हायला हवे.